पाय खाली

हुडकेश्वरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी चार शिलाई मशिनी टाकल्या आहेत. गेल्या महिन्यात शिकायला आलेल्या एका मुलीने मोटर चालू ठेवून सुईत दोरा ओवायला घेतला आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडले. ती आधी दचकली, मग फुगली. मोबाइलवर बघून ती बरंच शिकून आली होती आणि तिथे तिच्यावर कोणी ओरडलेलं नव्हतं.

"मॅडम, पाय तर बाजूलाच होता," ती म्हणाली.

होता, हे खरं. मी तिला स्विच बंद करायला लावला आणि विषय दोन मिनिटांत संपला. पण पाय कुठे असतो आणि कुठे जातो यावर मी कोणाशीही तासभर बोलू शकते. त्याचं कारण कोराडीच्या आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये आहे.

वडील वीजकेंद्रात मेंटेनन्सला होते. वसाहतीत आम्हाला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक व्हरांडा होता. वडिलांनी त्यावर टिनाचं छप्पर टाकून घेतलं आणि तिथे आईचा शिवणक्लास सुरू झाला. तीन पायमशिनी, एक कापायचं टेबल, भिंतीला टेकवलेला आरसा आणि बसायला सतरंजी. वेळ दुपारी दोन ते पाच. वसाहतीतल्या बायका यायच्या, आसपासच्या गावांतल्या मुली यायच्या. आल्यावर पहिलं काम फडकं मारायचं. खिडक्या बंद असल्या तरी वीजकेंद्राच्या राखेची बारीक पूड मशीनवर बसलेली असायचीच. कोणी पांढरं कापड उघडं ठेवलं की आई विचारायची, "काय वं, राखाडी ब्लाउज शिवून राहिली का?"

वसाहतीत सगळ्यांच्या तोंडी वीजकेंद्राचे शब्द असायचे. आईचं डोकं दुखलं की घरात शटडाउन. शेजारच्या काकू नवऱ्यावर चिडल्या की "काकू ट्रिप झाल्या." आम्हा मुलांना हे शब्द इंग्रजी आहेत हे फार उशिरा कळलं.

आईचे नियमही तिकडूनच आले होते. कोणत्याही यंत्राला दुरुस्तीसाठी हात लावण्याआधी ते बंद केल्याची पाटी लावावी लागते, आणि बंद आहे हे मोठ्याने बोलून एकमेकांकडून खात्री करून घ्यावी लागते, असं वडील जेवताना सांगत. आईला ते मनापासून पटलं. तिच्या क्लासला येणाऱ्या मुलींना पाट्या परवडल्या नसत्या, पण बोलायला काही लागत नाही.

तर नियम असे. वेणी वर बांधायची. ओढणी गळ्यात नाही, कमरेला, आणि गाठ मागे, म्हणजे टोक चाकात जाणार नाही. टाचण्या तोंडात धरायच्या नाहीत. एखादी विसरली तर आई म्हणायची, "जेवली नाही का घरून?" सुई तुटली तर सगळे तुकडे तळहातावर घेऊन यायचे, ते जोडून पूर्ण सुई झाली तरच नवी मिळायची. क्लास सुटल्यावर फरशीवर लोहचुंबक फिरवायचा, हे काम माझं. एका बिघडलेल्या स्पीकरमधला तो जाड गोल चुंबक वडिलांनी सुतळीला बांधून दिला होता. मी तो कुत्र्यासारखा मागे ओढत सगळ्या व्हरांड्यातून न्यायची. टाचण्या टिकटिक आवाज करत उडी मारून त्याला चिकटायच्या. मला अजूनही त्या आवाजाची आठवण झाली की बरं वाटतं. दहावीपर्यंत मी रोज संध्याकाळी हे केलं आणि कधी कंटाळले नाही.

आणि सगळ्यांत मोठा नियम होता, पाय खाली.

पायमशीन ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली एक लोखंडी जाळी असते, तिच्यावर दोन्ही पाय ठेवून ती मागेपुढे हलवायची, की वर सुई चालते. पाय जाळीवर असेपर्यंत सुई कधीही हलू शकते. म्हणून सुईजवळ बोटं न्यायची असली, मग दोरा ओवायचा असो, अडकलेलं कापड काढायचं असो, आधी दोन्ही पाय जाळीवरून उचलून जमिनीवर ठेवायचे. आई म्हणायची, "पाय खाली." मशीनवर बसलेली मुलगी मोठ्याने उत्तर द्यायची, "खाली." मगच हात पुढे.

दिवसातून हे पन्नास वेळा तरी व्हायचं. तीन मशिनींची खडखड, मध्येच एक थांबायची, "पाय खाली," "खाली," परत खडखड. नववीत असताना मी ते लाल ऑइलपेंटने भिंतीवर लिहिलं. वडील कामावरून येऊन स्टुलावर पाय टाकून बसले आणि आई चहा घेऊन आली की तीही तेच म्हणायची. वडील पाय उचलून घ्यायचे आणि शहाण्या मुलीसारखे म्हणायचे, "खाली."

इतकी वर्षं क्लास चालला आणि कोणाला टाचणी टोचण्यापलीकडे काही झालं नाही. आईला त्याचा अभिमान होता. ती तो बोलून दाखवत नसे, पण पोरींच्या आया चौकशीला आल्या की बोलताना तिची नजर भिंतीवरच्या अक्षरांकडे जायची.

मी दहावीत होते तेव्हा क्लासमध्ये सगळ्यांत चांगला हात ज्या मुलीचा होता तिला मी ताई म्हणायची. एकवीस-बावीस वर्षांची, जवळच्याच गावातली. घरी थोडी शेती, दोन भाऊ. दोन वर्षं ती आमच्याकडे येत होती. तिची कॉलर अशी बसायची की आई इतर मुलींना ती उलटी करून दाखवायची. घरी तिच्या लग्नाचं बघणं सुरू होतं. आर्वीकडचं एक स्थळ आलं होतं आणि त्यांना दिवाळीनंतर कळवायचं होतं. ताईची लग्नाला ना नव्हती.

"लग्न तं होईनच," ती एकदा काजं करता करता मला म्हणाली. "पण मले एकदा सकाळी डबा घेऊन बसमध्ये बसून कामाले जायचं आहे. त्या बाया जातात ना, पावडर लावून, तशी."

"मग जा ना."

"घरचे म्हणतात, काम लागलं तं जाय. कामच नाही तं कायले थांबवाचं त्या लोकाईले?"

दिवाळीला महिना राहिला असताना तिला काम मिळण्याची वेळ आली. इतवारीत शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना होता. तिथल्या एका बाईने आईला सांगितलं की मशीनवर एक जागा आहे, शनिवारी येऊन हात दाखवायचा. अडचण एकच होती. तिथे सगळ्या पॉवर मशिनी. ताईने आयुष्यात विजेवर चालणारी शिलाई मशीन पाहिली नव्हती.

आईने वडिलांना सांगितलं आणि रविवारी वडील एक लहान मोटर घेऊन आले. तिसऱ्या मशीनचा पट्टा काढून त्यांनी मागच्या बाजूला मोटर बसवली, भिंतीवर स्विच लावला. पायाने दाबायचं काळं बटण वायरच्या टोकाला होतं. वडिलांनी विचारलं, "हे कुठं ठेवू?" मी स्टुलावर बसून पाहिलं. पाय जुन्या जाळीवर ठेवले, मग उजवा पाय सहज खाली सोडला. तो जिथे पडला तिथे बटण ठेवलं. अगदी बरोबर बसलं. मी माझ्यावर खूश झाले. जाळी काढायचं कोणाच्या मनात आलं नाही. पट्टा नाही म्हणजे ती निकामी, नुसती पाय टेकायला.

सोमवारी ताई त्या मशीनवर बसली. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा कापड तिच्या हातातून पळून गेलं आणि सगळ्या हसल्या.

"मायबाई, हे तं पिसाळलं!" ताई म्हणाली.

"घाबरू नको. हलक्यानं दाब. फोडणीत तेल सोडते तसं," आई म्हणाली.

तासाभरात ताईला अंदाज आला. सरळ शिलाई, मग वळण, मग कॉलर. थांबली की ती सवयीप्रमाणे दोन्ही पाय त्या जाळीवर ठेवायची. दोन वर्षांत पायांची ती जागा झाली होती. चारच्या सुमारास दोरा तुटला. तिने कॉलर तशीच ठेवली, पाय जाळीवर घेतले आणि दोरा ओवू लागली. नवी सुई जरा बारीक होती, दोरा जाईना. आई बाजूला येऊन वाकली.

"सरक, मी दाखवते. असा मागून ओढावा लागते."

आईने डाव्या हाताचं बोट सुईखाली नेलं आणि रोजच्यासारखं म्हणाली, "पाय खाली."

"खाली," ताई म्हणाली, आणि तिने पाय खाली ठेवला.

मोटरचा आवाज अर्धा सेकंदही झाला नसेल. मी समोर सतरंजीवर बसून हूक लावत होते. आई ओरडली नाही. तिने "स्स" केलं आणि मग तिच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, "कोणी ओढू नका मले. स्विच बंद कर."

हे मला होतं. मी उठून स्विच बंद केला.

"आता चाक हातानं फिरव. तुह्याकडे. हळू."

मी फिरवलं. सुई वर आली. आईने बोट काढून घेतलं, ते उजव्या मुठीत घट्ट धरलं आणि म्हणाली, "सुई जोड."

पांढऱ्या कापडावर मी तुकडे ठेवले. मशीनमधला एक, खाली पडलेला एक. टोक नव्हतं. तिळाएवढा भाग कमी होता. आम्ही दोघींनी फरशी पाहिली, चुंबक फिरवला. नव्हता.

"म्हणजे माह्यात आहे," आई म्हणाली. मग बाकीच्या मुलींकडे वळली. "पाहत काय बसल्या? हूक लावा. पाच वाजले नाही अजून."

ताईकडे माझं लक्ष तेव्हा गेलं. तिने दोन्ही पाय वर, स्टुलावर घेतले होते आणि गुडघे छातीशी धरून बसली होती. खाली फरशी नाही, पाणी आहे असं वाटावं तशी. तिला उतरवायला दोघींना हात द्यावा लागला.

वसाहतीतल्या दवाखान्यात बोट धुतलं, इंजेक्शन दिलं, मग शहरात जाऊन एक्स-रे काढला आणि तुकडा काढून टाकला. नखाच्या मधोमध भोक पडलं होतं. आई बांधलेलं बोट वर धरून रात्री आठला घरी आली तेव्हा वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "स्विच बंद होता का?"

"नव्हता."

"मग पाय कोणाचा होता ते मले सांगू नको."

आई बोट वर धरूनच खाली टेकली. वडील म्हणाले, "असं झालं की लोक आधी माणूस शोधतात. स्विच कोणी पाहत नाही."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बटणाची जागा मी ठरवली होती हे आम्हा दोघांना माहीत होतं. ते पाना घेऊन व्हरांड्यात गेले आणि त्यांनी ती जाळी काढून टाकली.

मंगळवारी ताई आली नाही. बुधवारी आली नाही. त्या गावातून येणाऱ्या दुसऱ्या मुलीने सांगितलं की तिच्या घरच्यांनी आर्वीला निरोप पाठवायचं ठरवलं आहे, दिवाळीची वाट कशाला पाहायची. आईने क्लास सुटल्यावर पायात चप्पल घातली आणि मला म्हणाली, "चल."

ताईच्या घरासमोर कापूस वाळत घातला होता. तिची आई बाहेर आली आणि आईचं बांधलेलं बोट पाहून तिने पदर तोंडाला लावला.

"आमच्या पोरीनं मोठा घात केला तुमचा, बाई. दोन दिवस झाले, नीट जेवत नाही. बसा. चहा मांडते."

"चहा घेईन. आधी तिले बोलवा."

ताई दारात येऊन उभी राहिली. आईने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"क्लासले काहून आली नाही?"

"मले नाही बसायचं आता मशीनवर."

"काहून?"

"काकू, तुमचं बोट..."

"बोट माहं आहे, थे मी पाहीन. तुले विचारून राहिली. तू काहून नाही बसत?"

ताई चौकटीला नख घासत राहिली. मग म्हणाली, "माह्या पायावर माहा भरोसा नाही राह्यला."

"तुह्या पायानं काय चूक केली? मी म्हटलं पाय खाली, तू ठेवला पाय खाली. दोन वर्षांत इतक्या लवकर कधी आयकलं होतं का माहं?"

ताईची आई फस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. ताईला हसू आलं नाही, पण तिने पहिल्यांदा आईकडे पाहिलं.

"चूक शब्दाची आहे," आई म्हणाली. "थो शब्द पायमशीनचा होता. मशीन बदलली, शब्द मी बदलवला नाही. बटण खाली आणि मी सांगते पाय खाली. तू नसती तं दुसरी कोणी असती. भिंतीवर लिहून ठेवलं ना आम्ही, लाल रंगानं."

ते ऐकून मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

"मग आता काय म्हणाचं?" ताईने विचारलं. त्या प्रश्नावरून आईला कळलं असावं की ती येणार. तिने मांडी घातली आणि चहाचा कप घेतला.

ताईची आई म्हणाली, "आमच्या बैलाले नुसतं 'हो' म्हटलं तं उभा राहते."

"बैलाचं ठीक आहे. या पोरी गोष्टीगोष्टीले हो म्हणतात. कोणत्या होले थांबायचं थे कसं समजन?"

तिघी हसल्या. मग चहा संपेपर्यंत त्या तिघी शब्द शोधत बसल्या. 'थांब' म्हटलं तर कोणी थांबायचं, मशीनने की दोरा ओवणारीने? 'पाय वर' म्हटलं तर वर कुठे? शेवटी आईनेच ठरवलं. पायाबद्दल काही बोलायचंच नाही. पाय कुठेही असो. सांगणारीने विचारायचं, "स्विच?" आणि मशीनवर बसणारीने हात स्विचवर ठेवून, तो बंद झाल्याचा खट आवाज ऐकून मगच म्हणायचं, "बंद."

"आणि हात स्विचवर नसताना बंद म्हटलं," आई म्हणाली, "तं मी या बांधलेल्या बोटानंच मारीन."

गुरुवारी ताई आली. आईने तिला शिवू दिलं नाही. स्विच बंद करायचा, दोरा ओवायचा, स्विच चालू करायचा, चार टाके घालायचे, दोरा तोडायचा, परत स्विच बंद. दोन तास हेच. सुरुवातीला बटणाकडे पाय नेण्याआधी ताई दर वेळी खाली वाकून पाहायची. आई शेजारच्या टेबलावर एका हाताने कापड कापत होती आणि वर न पाहता विचारत होती, "स्विच?" "बंद." "स्विच?" "बंद." कितव्यांदा ते मला आठवत नाही, पण कधीतरी ताईने विचारायच्या आधीच उत्तर दिलं. आई कात्री थांबवून म्हणाली, "विचारलं का मी?" आणि ताई हसली. सोमवारनंतर पहिल्यांदा.

मी त्या संध्याकाळी भिंतीवरच्या अक्षरांवर चुना मारला. ऑइलपेंटवर चुना धरत नाही. तीन हात मारले तरी गुलाबी दिसतच होतं.

शनिवारी ताईबरोबर मी गेले, कारण तिच्या घरचे एकटीला पाठवत नव्हते आणि भाऊ वेचणीच्या कामात होते. बसने शहरात, मग इतवारीच्या गल्ल्यांतून हातगाड्या चुकवत एका कापडाच्या दुकानामागचा जिना चढून वर. एक लांब खोली, दोन रांगांत मशिनी, मधल्या जागेत निळ्या शर्टांचे ढीग. आवाज इतका की कानाजवळ बोलावं लागे. तिथल्या मास्तरने ताईसमोर कापलेल्या कॉलर ठेवल्या.

"अर्ध्या तासात सहा. जमते?"

"पाहते," ताई म्हणाली.

पहिली कॉलर छान झाली. दुसरीच्या मध्यात दोरा तुटला. ताईने टेबलाखाली हात घालून स्विच शोधला, बंद केला आणि बसून राहिली. त्या मोठ्या मशिनींची मोटर स्विच बंद केल्यावरही थोडा वेळ घुमत असते. ती घुमघुम पूर्ण थांबेपर्यंत ताईने हात पुढे नेला नाही.

मास्तर आला. "काय झालं? लाइन गेली का?"

"नाही. दोरा ओवून राहिली."

"बंद करून?"

"हाव."

शेजारची बाई स्वतःची शिलाई न थांबवता म्हणाली, "अवं, असं करशीन तं इथंच दिवाळी होईन तुही." पुढच्या दोघीतिघी हसल्या. माझे कान तापले. ताईने मान हलवली, दोरा ओवला, स्विच चालू केला. त्या दिवशी तिचं नशीब असं की दोरा आणखी दोनदा तुटला. दोन्ही वेळा तिने तेच केलं. मी उभ्या उभ्या घड्याळाकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, सोड ना आता, एकदा सोड, कोण बघतंय. आज मी शिकवणारीच्या बाजूला उभी असते, तेव्हा मला त्या दहावीतल्या मुलीची लाज वाटते.

अर्धा तास झाला तेव्हा चार कॉलर पूर्ण होत्या. मास्तरने त्या उलट्या करून पाहिल्या, टोकं ओढून पाहिली.

"हात साफ आहे," तो म्हणाला. "वेग नाही. मशीन आत्ता नाही देऊ शकत."

ताई उभी राहिली.

"धागे कापायले एक बाई पाहिजे," तो पुढे म्हणाला. "शर्टाचे निघालेले धागे कापायचे, घड्या घालायच्या. वेग वाढला की मग पाहू मशीनचं. येशीन?"

"हाव," ताई त्याचं वाक्य संपायच्या आत म्हणाली. "सोमवारपासून?"

बसमध्ये मी तिच्यासाठी चिडले. कॉलर शिवणाऱ्या मुलीने धागे कापायचे म्हणजे काय, आईला सांगते, आई येऊन बोलेल त्याच्याशी. ताई खिडकीतून बाहेर पाहत होती. मधेच म्हणाली, "सकाळची बस किती वाजताची असते वं?" मग पुन्हा बाहेर.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आई व्हरांड्यात बसून एका हाताने उसवण काढत होती. मी सगळं एका दमात सांगितलं, दोरा तुटला ते, बायका हसल्या ते, सहाच्या जागी चार, धागे कापायचं काम. मला वाटलं आई चिडेल, निदान "बरं केलं" असं ताईला म्हणेल. तिने मधेच हात वर करून मला थांबवलं.

"दोरा तुटला तेव्हा बंद केली मशीन?" तिने ताईला विचारलं.

"तिन्ही वेळा."

आईने मान हलवली. मग उठून ती कापायच्या टेबलाकडे गेली, खण उघडला आणि एक लहान कात्री काढली. पाती अंगठ्यावर हलकेच टेकवून पाहिली.

"धागे कापायले ही घेऊन जाय. तिथली घेऊ नको. अशा ठिकाणच्या कात्र्या बोथट असतात. बोथट कात्रीले जोर लावावा लागते, आणि जोर लावला की घसरून हातात जाते. दर आठवड्याले धार करून आण."

"काकू, तुमची आहे ही."

"मग? मले सध्या एकच हात आहे." तिने बांधलेलं बोट पुढे केलं. पट्टीच्या कडेला सुटलेला एक धागा लोंबत होता. "हा काप. पाहू."

ताईने कात्री घेतली, पण हात दूरच थांबला.

"लांबून कसा कापशीन? जवळ ये," आई म्हणाली. बोट तिने जागचं हलवलं नाही.

ताई जवळ आली. तिने डाव्या हाताने धागा ताणून धरला, पट्टीला लागून पातं नेलं आणि कापला.

"आता घरी जाय," आई म्हणाली. "अंधार पडायच्या आत."